गांधर्व महाविद्यालय : विद्यार्थिदशेतील संगीतशिक्षणाची सव्वाशे वर्षे

संगीताची विद्या शतकानुशतके दरबारच्या आश्रयावर आणि गुरुगृहीच्या सेवेवर पोसली गेली असता, तिला शाळेच्या वेळापत्रकात, दरमहाच्या फीमध्ये आणि परीक्षेच्या गुणपत्रकात मानाचे स्थान मिळवून देण्याचे धाडस ज्या पुरुषाने केले, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. या स्थापनेस सव्वाशे वर्षे होत असता संस्थेचा समग्र वृत्तांत लिहावयाचा तर त्यास स्वतंत्र ग्रंथच हवा. प्रस्तुत लेखाची मर्यादा त्याहून पुष्कळ लहान आहे. पूर्वीच्या काळी इंग्रजी शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकणारा आणि आज माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळेत शिकणारा जो विद्यार्थी, त्याच्यासाठी या संस्थेने कोणता मार्ग बांधला, आणि त्या मार्गाचा कोणता भाग अद्याप अर्धवट राहिला आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे. या वयाचा विचार निराळा करण्यास सबळ कारण आहे. कंठ आणि कान या वयात जितके घडतात तितके पुढे कधी घडत नाहीत. आणि नेमक्या याच वयात शालान्त परीक्षेच्या धास्तीने घरोघरचे तंबोरे गवसणीत जातात.

विष्णुबुवांच्या आधी असा प्रयत्न कोणीच केला नव्हता असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. मुंबईत कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने १८७० मध्ये गायन उत्तेजक मंडळी निघाली होती. पुण्यात १८७४ मध्ये बळवंत त्रिंबक सहस्रबुद्धे यांनी गायन समाज स्थापून सुशिक्षित घरांतील मुलांना गायनाचे रीतसर धडे मिळावेत अशी खटपट आरंभिली. बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आज्ञेने १८८६ मध्ये गायनशाळा उघडली गेली, आणि तेथे उस्ताद मौलाबक्षांनी स्वरलेखनाची पद्धत बसवून छापील क्रमिक पुस्तकांवरून मुलांना शिकविले. या सर्वांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु बडोद्याची शाळा हुजूरच्या खजिन्यावर चालत होती आणि पुणे-मुंबईच्या मंडळ्या प्रतिष्ठित सभासदांच्या वर्गणीवर. संगीत शिकणाऱ्याच्या फीवर आणि ऐकणाऱ्याच्या तिकिटावर, म्हणजे सामान्य गृहस्थाच्या पदरच्या पैशावर, संगीताची शाळा उभी राहू शकते हे विष्णुबुवांनी दाखविले, आणि म्हणूनच त्यांच्या शाळेच्या शाखा गावोगाव फुटू शकल्या.

बुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडास झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. बालपणी दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूने डोळे भाजल्यामुळे दृष्टी मंदावली, इंग्रजी शिक्षणाची वाट बंद झाली, आणि औषधोपचारासाठी मिरजेस नेलेला हा मुलगा तेथे गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे ग्वाल्हेर घराण्याच्या तालमीत बसला. शाळा सुटलेल्या मुलाने पुढे शाळकरी मुलांसाठी संगीताची शाळा काढावी, यात विधिसंकेत पाहणारे पाहोत. मला मात्र मिरजेतील दुसऱ्याच गोष्टीचे महत्त्व अधिक वाटते. एका समारंभाचे आमंत्रण संस्थानाधिपतींच्या कृपेमुळे विष्णुबुवांना आले, पण त्यांच्या गुरूंना आले नाही, आणि चौकशी करता ‘ते तर गवई’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले, असे त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगतात. विद्येला मान असून विद्यावंताला मान नाही, ही व्यथा घेऊन १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. पुढे बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर असा मुलूख पायाखाली घालीत ते पंजाबात पोचले. वाटेत सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून गाण्याचा जाहीर जलसा केला. संस्थानिकांच्या मर्जीवाचून गवयाला जगता येते, याची ती पहिली साक्ष होती.

लाहोर त्यांनी का निवडले याविषयी भाविक कथा आहेत. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर नव्या शिक्षणाने जागे झालेले, सभा-संमेलनांची आवड असलेले आणि घराण्याच्या गवयांची मिरासदारी फारशी नसलेले ते शहर नव्या प्रयोगास अनुकूल होते. तरीही प्रारंभ कठीण गेला. शाळा उघडली, वेळापत्रक लागले, पण पहिले काही दिवस एकही विद्यार्थी रुजू झाला नाही. तेव्हा वर्गाच्या ठरल्या वेळी बुवा स्वतःच तंबोरा घेऊन रिकाम्या वर्गात गात बसत, अशी आठवण पुढील पिढीने जतन केली आहे. तास भरला पाहिजे आणि तास संपला पाहिजे, हा शाळेचा शिरस्ता त्यांनी विद्यार्थ्यांच्या आधी स्वतःला लावून घेतला. हळूहळू मुले आली, नोकरदार आले, आणि मुलींसाठी व स्त्रियांसाठी निराळे वर्गही सुरू झाले.

शाळकरी विद्यार्थ्याच्या दृष्टीने लाहोरच्या त्या वर्षांतील मोठे कार्य पुस्तकांचे. बुवांनी स्वतःचा छापखाना घातला, ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक काढले आणि ‘संगीत बालप्रकाश’, ‘राग प्रवेश’ यांसारख्या क्रमिक पुस्तकांची मालिका सिद्ध केली. त्यांनी योजिलेली स्वरलेखनपद्धती ज्याने लहानपणी गिरविली असेल त्याला तिची चिन्हे जन्मभर विसरता येत नाहीत : मंद्र सप्तकाच्या स्वरावर टिंब, तार सप्तकाच्या स्वरावर उभी रेघ, समेला एकाचा आकडा, खालीला अधिकाचे चिन्ह, आणि स्वराच्या पायाशी त्याच्या कालमानाची खूण, एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला शून्य, पाव मात्रेला अर्धचंद्र. पंडित भातखंडे यांची पद्धत लिहिण्यास सुलभ म्हणून पुढे अधिक पसरली, हे खरे. परंतु प्रत्येक स्वराचा काळ त्याच्याच पायाशी बांधून देणारी पलुस्कर-पद्धती लयीच्या हिशेबात अधिक काटेकोर आहे, आणि दहा-बारा मुलांना एकाच वेळी एकच ओळ म्हणावयाची असेल तेव्हा हा काटेकोरपणा फार उपयोगी पडतो, असे माझे मत आहे.

या पुस्तकांत पुष्कळ जुन्या बंदिशींचे शृंगारिक शब्द वगळून त्यांच्या जागी भक्तीचे शब्द घातले गेले. रसिकांनी यावर आक्षेप घेतला आहे आणि तो निराधार नाही, कारण शब्द बदलला की बंदिशीचा श्वासही काही अंशी बदलतो. मात्र त्या काळी मध्यमवर्गीय बाप आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला गाण्याच्या वर्गात धाडण्यापूर्वी तिच्या हातातील पुस्तक उघडून पाहत असे, आणि त्या पुस्तकाने त्याची खात्री पटविली म्हणूनच ती मुलगी वर्गात येऊ शकली. बुवांनी किंमत मोजली ती जाणूनबुजून, आणि त्या मोलाने मिळालेली वस्तू लहान नव्हती.

वर्गात येणाऱ्या फीच्या विद्यार्थ्यांबरोबरच उपदेशक वर्ग नावाची एक निराळी योजना होती. होतकरू मुलांना नऊ वर्षांच्या करारनाम्याने विद्यालयातच ठेवून घ्यावयाचे, त्यांचे अन्नवस्त्र व शिक्षण संस्थेने चालवावयाचे, आणि त्यांनी पुढे शिक्षक होऊन विद्येचा प्रसार करावयाचा, अशी ती तजवीज. यातील बहुतेकांचे वय शाळेत जाण्याचेच होते. मिरजेचे विनायकराव पटवर्धन १९०७ मध्ये लाहोरास गेले तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते. ओंकारनाथ ठाकूर एका पारशी दात्याच्या साहाय्याने विद्यालयाच्या मुंबई शाखेत आले तेव्हा त्यांचे मिसरूडही फुटले नव्हते, आणि विशीच्या आतबाहेर असतानाच लाहोर विद्यालयाची धुरा त्यांच्या खांद्यावर आली. नारायणराव व्यास, शंकरराव व्यास, बा. र. देवधर, वामनराव पाध्ये, नारायण मोरेश्वर खरे ही नावे याच मांडवाखालची. ‘या शाळेतून तानसेन किती निघाले?’ असा प्रश्न टीकाकार विचारीत, तेव्हा तानसेनालाही दुसरा तानसेन घडविता आला नाही, मला कानसेन घडवावयाचे आहेत, अशा आशयाचे उत्तर बुवा देत, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्यांच्या हातून दोन्ही घडले. तथापि शाळेचे खरे माप कानसेनांवरूनच घ्यावे लागते, आणि ते माप कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही.

१९०८ मध्ये मुंबईस विद्यालय सुरू झाले आणि अल्पावधीत त्याचा व्याप लाहोरहून वाढला. गिरगावाजवळ सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची इमारत उभी राहिली. वर्ग, वसतिगृह, छापखाना, वाद्ये दुरुस्त करण्याचा कारखाना, सर्व काही तेथे नांदू लागले. परंतु इमारत कर्जाची होती. बुवांचे दौरे, जलसे आणि देणग्या यांतून व्याज भागे, मुद्दल भागत नसे. उपदेशक वर्गाच्या मुलांचे पोट मात्र रोज भरावे लागे. अखेर १९२४ च्या सुमारास इमारतीचा लिलाव झाला. बुवा नाशिकला रामनाम-आधार आश्रमात राहू लागले, तेथेही शिष्यांना शिकवीत राहिले, आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांनी देह ठेवला.

संस्थेचा इतिहास येथे संपावयाचा, पण तो येथून नव्याने सुरू झाला, आणि याचे श्रेय शिष्यांना आहे. १९३१ च्या अखेरीस अहमदाबादेस गुरुबंधू एकत्र जमले व त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. इमारत सावकाराकडे गेली होती. अभ्यासक्रम, परीक्षा आणि शिक्षक सावकाराला नेता आले नव्हते. पुढील वर्षी, ८ मे १९३२ रोजी, विनायकबुवा पटवर्धनांनी बालगंधर्वांच्या नाटक मंडळीतील नामवंत गायक-नटाची कमाई सोडून पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले आणि ‘राग-विज्ञान’ हे क्रमिक ग्रंथ लिहिले. मुंबईत देवधरांचे स्कूल ऑफ इंडियन म्युझिक १९२५ पासून चालू होतेच. अकरा-बारा वर्षांचे कुमार गंधर्व शिकावयास आले ते तेथेच. विष्णुबुवांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे बापूराव पलुस्कर, वडील गेले तेव्हा दहा वर्षांचे होते. विनायकबुवा व नारायणराव व्यास या गुरुबंधूंनी त्यांना तयार केले आणि चौदाव्या वर्षी, १९३५ मध्ये, जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात ते प्रथम गायिले. दिल्लीस विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये गांधर्व महाविद्यालय उभारले. १९४७ मध्ये मंडळाचे ‘संगीत कला विहार’ हे मासिक सुरू झाले. त्याच वर्षी फाळणीने लाहोर परमुलखात गेले, आणि ज्या शहरात हे बीज रुजले ते शहर या परंपरेच्या शिक्षकांना दुरावले.

मंडळाच्या परीक्षांनी शाळकरी विद्यार्थ्याला जे दिले त्याची थोरवी, त्या नित्याच्या झाल्यामुळे, आपल्या लक्षात राहत नाही. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, आणि मग विशारद व अलंकार, ही पायऱ्यांची वाट अशी आहे की पाचवी-सहावीत आरंभ करणारा मुलगा दहावीपर्यंत सहज मध्यमेशी पोचतो. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीनंतरच्या सत्रात कोणत्याही जिल्ह्याच्या गावी एखाद्या परीक्षाकेंद्रावर जाऊन पाहावे. शाळेच्या वर्गातील बाके भिंतीला लावलेली, मध्ये सतरंजी, तिच्यावर तबल्याची जोडी, पेटी आणि तंबोरा. दाराबाहेर इस्त्रीच्या कपड्यांतील मुले भूप, दुर्गा, काफी यांचे आरोह-अवरोह पुटपुटत उभी. आत गेल्यावर परीक्षक प्रथम पट्टी विचारतात, मुलगी ‘काळी चार’ म्हणते, षड्ज लागतो, छोटा ख्याल होतो, आणि मग परीक्षक हाताने टाळी धरून त्रितालाचे बोल दुप्पट लयीत म्हणावयास सांगतात. सोळा मात्रांचा हिशेब हातावर आणि बोल तोंडात, अशी ती क्षणभराची कसोटी ज्याने दिली, त्याला लय कशाशी खातात हे पुन्हा सांगावे लागत नाही. तालुक्याच्या गावी शिकलेल्या मुलाला आणि मुंबईच्या मुलाला एकच अभ्यासक्रम, एकच प्रश्न आणि एकच प्रमाणपत्र, ही समता संगीताच्या क्षेत्रात या परीक्षांपूर्वी नव्हती.

अलीकडे महाराष्ट्र सरकारने शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत वाढीव गुण देण्याचा निर्णय केला. त्याचा एक परिणाम इष्ट झाला, दहावीच्या वर्षी गाणे सोडविण्याची पालकांची घाई कमी झाली. दुसरा परिणाम चिंतेचा आहे : प्रमाणपत्र हाती पडताच क्लास बंद करणारी मुले प्रत्येक शिक्षकाच्या हजेरीपटावर आढळतात. परीक्षा ही वाटेवरील ठाणी आहेत. ठाण्यावर शिक्का मारून घेऊन घरी परतणाऱ्यास प्रवास घडला असे म्हणता येत नाही.

आता ज्या भागासाठी हा लेख मुख्यतः लिहिला तो वृंदाचा. आपली रागदारी एकट्याच्या कंठाची कला आहे, म्हणून समूहाने गाणे व वाजविणे हे दुय्यम, उत्सवापुरते, असा समज शिक्षकांतही रूढ आहे. विष्णुबुवांचा तो समज नव्हता. वार्षिक जलशांत विद्यार्थ्यांना एकत्र गाववून ते श्रोत्यांसमोर उभे करीत. राष्ट्रसभेच्या अधिवेशनांत शिष्यांसह ‘वंदे मातरम्’ गात. रामधुनीची जी चाल पुढे देशभर झाली ती त्यांच्याच परंपरेतून आली. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात गेले, तेथे त्यांनी ‘आश्रम भजनावली’ सिद्ध केली आणि आश्रमातील लहानथोरांना रोज एका सुरात, एका तालात गावयास लाविले. दिल्लीच्या विद्यालयाने तर वृंदगायनास स्वतंत्र शाखेचे स्वरूप दिले आणि तेथील गांधर्व वृंदाने रागसंगीताच्या पायावर समूहरचना कशी उभी राहते याचा वस्तुपाठ घालून दिला.

माध्यमिक शाळेतील वृंद चालविणे सोपे नाही, आणि त्याच्या अडचणी ठाऊक असल्यावाचून त्याची शिफारस करणे योग्य होणार नाही. पहिली अडचण आवाजाची. तेरा ते पंधरा या वयात मुलग्यांचा आवाज फुटतो. काल काळी चारमध्ये मोकळा गाणारा मुलगा आज त्याच स्वरावर चिरकतो, वर्गातील मुले हसतात, आणि तो गाणे कायमचे सोडतो. महाराष्ट्राने असे किती गळे गमावले असतील! जाणता शिक्षक अशा मुलाला वर्ष-दीड वर्ष मंद्र सप्तकात हलक्या आवाजाचा रियाज देतो आणि वृंदात त्याच्या हाती तबला, बासरी किंवा मंजिरी देऊन त्याला सुरात व संगतीत ठेवतो. दुसरी अडचण पट्टीची. आवाज फुटलेल्या मुलग्यांची पट्टी काळी एक आणि मुलींची काळी चार धरली, तर मुलींचा षड्ज मुलग्यांच्या पंचमावर येतो. तेव्हा एकच चाल दोघांकडून एकाच पट्टीत गाववून घेण्याचा हट्ट धरला की एक पक्ष किंचाळतो आणि दुसरा गुणगुणतो. उपाय आहेत : चाल मर्यादित स्वरांत बांधणे, ओळी आलटून पालटून देणे, मुखडा सर्वांचा आणि अंतरा ज्याच्या गळ्यात बसतो त्याचा ठेवणे. तिसरी अडचण वाद्यांची, आणि ती मात्र पैशाची आहे. वाद्यवृंदास सतार, व्हायोलिन, बासरी, जलतरंग, तबला असा सरंजाम लागतो. शाळेच्या कपाटात बहुधा एक फुटक्या भात्याची पेटी आणि शाई उडालेला तबला असतो.

या तिन्ही अडचणी ओलांडून ज्या शाळेत वृंद उभा राहतो तेथे काय घडते ते मात्र एकट्याच्या शिक्षणात घडत नाही. शेजारच्याचा सूर ऐकल्यावाचून स्वतःचा सूर लावता येत नाही, हे तिथे प्रत्येकाला पहिल्याच दिवशी कळते. बेताच्या गळ्याचा मुलगा, जो एकट्याने गावयास कधीच उभा राहिला नसता, तो चाळीस कंठांच्या आधाराने षड्जावर स्थिर होतो आणि महिन्याभरात एकट्यानेही तो लावू शकतो. बुवांना हवे होते ते कानसेन असेच तयार होतात. समूहगीताच्या आंतरशालेय स्पर्धांपूर्वी पंधरा दिवस धावपळ करून बसविलेल्या एका गीताने हे साधणार नाही. त्यासाठी आठवड्याचा नेमलेला तास हवा, वर्षभराचा रियाज हवा, आणि शिकविणारा तालमीतला हवा.

मंडळाने परीक्षांची वाट बांधली, पुस्तके दिली, शिक्षक दिले. शाळेतील संगीताचा तास ही मात्र मंडळाच्या अखत्यारीतील गोष्ट नाही. ती शाळांच्या चालकांच्या व मुख्याध्यापकांच्या हाती आहे. त्यांना या सव्वाशे वर्षांच्या निमित्ताने विनंती इतकीच आहे, की संगीतशिक्षकाची जागा रिकामी झाली असता ती दुसऱ्या विषयाकडे वळवू नये. आठवी ते दहावीच्या वेळापत्रकात आठवड्यास दोन सलग तास वृंदासाठी राखावेत. पेटी, दोन तबले आणि दोन तंबोरे यांची तरतूद अंदाजपत्रकात दरवर्षी करावी. आणि विशारद झालेले जे तरुण गावोगाव शिकवण्या करून पोट भरीत आहेत त्यांना शाळेचे दार उघडून द्यावे. माणसे तयार आहेत, अभ्यासक्रम तयार आहे. जूनमध्ये शाळा सुरू होईल तेव्हा तासही तयार असावा.